मायणी तलावावर फेब्रुवारी-मार्चमधे पक्षी बघायचे तर

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या मायणी तलावावर जायचं तर उजाडायच्या आत पोचा, ऊन चढलं की पक्षी सावलीला जातात. कपडे मातकट रंगाचे, पांढरा शर्ट नकोच. सूर्य पाठीमागं ठेवून चाला, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

आधी चिखलाची कड बघा, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या तिथंच चोच मारत फिरतो. काळापांढरा खंड्या मात्र नक्की बघा, पाण्यावर पंख फडफडवत एकाच जागी थांबतो आन् मग सरळ खाली सूर, पाच मिनिटं हलू नका, परत करतोच. नारिंगी चक्रवाक बदकं मार्चपर्यंतच, नंतर उत्तरेला जातात. पळस फुलला असेल तर त्याच्याखाली थांबा, मैना, फुलातला मध पिणारे इवलेसे शिंजीर सगळे येतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की जवळपास अंडी असतात, लगेच मागं फिरा.