पेटीवाल्यांनो, बैठक उंच करा

तासभर पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, साथ केली की कंबर धरते आणि दोष पेटीला दिला जातो. खरी गडबड बहुधा बैठकीत असते. सपाट सतरंजीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात आणि पाठ वाकते. घोंगडीची ३-४ इंचांची घडी फक्त कुल्ल्यांखाली घ्या, गुडघे उतरले की पाठ सहज ताठ होते. आता पेटी खाली वाटली तर तिच्याखाली पाट सरकवा. भाता चालवताना डावा खांदा कानाकडे चढतो का, हे आरशात पाहा, बहुतेकांचा चढतोच. गायक तानपुरा जुळवत असताना मांडी बदलून घ्या, कुणाच्या लक्षातही येत नाही. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील तर मात्र रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा.