थर्मोस्टॅटची लांब तार आणि फडफडणारा कॉन्टॅक्टर

पुण्यातील एका सभागृहाच्या गच्चीवरील 415 व्होल्ट, तीन फेजच्या डक्टेबल एसीमध्ये थर्मोस्टॅटने थंडाव्याची मागणी करताच कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन वीज जोडणारा स्विच) फडफडत असे. कॉन्टॅक्टर बदलूनही उपयोग झाला नव्हता, आणि तो होणारही नव्हता. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवर 24 व्होल्ट पुरेपूर मिळत होते. मात्र कॉन्टॅक्टर ओढला जाण्याच्या क्षणी कॉइलच्या टोकांवर मीटर जेमतेम 17 व्होल्ट दाखवत होता, कारण तिचा सगळा प्रवाह तळमजल्यावरील थर्मोस्टॅटपर्यंत बारीक तारेने जाऊन परत येत होता आणि ओढतानाचा प्रवाह नंतर धरून ठेवण्याच्या प्रवाहापेक्षा कित्येक पट असतो.

मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावले, तिन्ही फेज मृत असल्याची टेस्टरने नव्हे तर मीटरने खात्री केली आणि युनिटच्या पॅनेलमध्ये 24 व्होल्टचा छोटा रिले (थोड्या प्रवाहावर चालणारा स्विच) बसवला. थर्मोस्टॅट आता केवळ त्या रिलेची कॉइल चालवतो. कॉन्टॅक्टरला ट्रान्सफॉर्मरमधून रिलेमार्फत जवळूनच पुरवठा मिळतो. दाब फार वाढल्यास कॉम्प्रेसर थांबवणारा हाय-प्रेशर कटआउट आणि एखादा फेज गेल्यास तो थांबवणारा फेज प्रिव्हेंटर पूर्वीप्रमाणेच सिरीजमध्ये कायम ठेवले (ते वगळून काम भागवणारे कारागीर मला मुळीच पटत नाहीत). थर्मोस्टॅटची तारही पॉवर केबलच्या पाइपातून काढून वेगळ्या पाइपाने नेली. पुरवठा सुरू केल्यावर ओढतानाही कॉइलवर 23 व्होल्ट टिकले.