फौजी प्रवेशाला आला की कॉलेजच्या ऑफिसने या चुका टाळाव्यात

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसतोय. मागे जूनमध्ये एक हवालदार बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायला आले. 17 वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलेले, वय अडतीस. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, बारावीचं मार्कशीट, सगळं व्यवस्थित. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या सहकाऱ्याने बारावीचं साल बघितलं आणि म्हणाला, "एवढा गॅप? प्रतिज्ञापत्र करून आणा." "बरं साहेब," म्हणून ते निघाले सेतूकडे. भरतीची आणि सुटल्याची तारीख त्या डिस्चार्ज बुकातच होती, पण ते कुणी उघडलंच नाही. तेव्हा पहिली सूचना हीच: आधी ते पुस्तक उघडा.

नावाचा घोळ याच्या उलटा. दाखल्यावर "संतोष बाळू जाधव", फौजेच्या कागदावर नुसतं "संतोष जाधव". लगेच "फौजेतलं नाव दुरुस्त करून आणा" म्हणू नका. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटवाल्याचं मध्य प्रदेशात सागरला. तिथला पत्रव्यवहार होईपर्यंत तुमची प्रवेशाची मुदत संपलेली असते. कॉलेजची नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावरूनच करायची असते. दोन्ही नावं एकाच माणसाची, एवढं प्रतिज्ञापत्र घ्या. इथे ते खरंच कामाला येतं.

सगळ्यात महागात पडते ती "ग्रॅज्युएशन"ची चूक. दहावी पास जवानाची 15 वर्षं सेवा झाली की केंद्राच्या ग्रुप सी नोकऱ्यांतल्या काही पदांसाठी त्याला पदवीधरासमान धरतात आणि तसं प्रमाणपत्रही मिळतं. ते घेऊन माणूस एमएला येतो. आपण तात्पुरता प्रवेश देतो, फी भरून घेतो, आणि पुढे विद्यापीठाचा पात्रता विभाग नाव काढून टाकतो. नोकरीपुरती सवलत वेगळी आणि विद्यापीठाची पदवी वेगळी, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा. कडू लागेल, पण वर्ष वाचेल. बारावी असेल तर बीए, बीकॉमला घ्या. दहावीच असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करायचा रस्ता दाखवा.

सवलतींचीही सरमिसळ होते. सीईटी प्रवेशातला 5 टक्के डिफेन्स कोटा सैनिकांच्या मुलांसाठी आहे, खुद्द सैनिकासाठी नाही. पंतप्रधान शिष्यवृत्तीचंही तसंच: ती माजी सैनिकांची मुलं आणि विधवा पत्नी यांना, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मिळते. अर्ज पहिल्या वर्षातच करावा लागतो. वीरपत्नी बोनाफाइडवर सहीशिक्का मागायला आली आणि "प्राचार्य बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या" असं दोनदा झालं, तर शिष्यवृत्ती कायमची गेली समजा.

नोकरीत असलेल्या जवानाचं दुखणं तारखांचं. त्याला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते, तीही युनिटच्या सोयीने. परीक्षेचं वेळापत्रक आठवडाभर आधी लावलं तर तो रजा मागणार कधी? निदान परीक्षा अंदाजे कोणत्या महिन्यात, हे तरी आधी कळवा, प्रात्यक्षिकं सलग ठेवा. आणि रजा मिळूनही भरवसा नसतोच. मे 2025 मध्ये सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावलं, तेही ऐन परीक्षांच्या दिवसांत. अशा मुलाची अंतर्गत चाचणी पुन्हा घ्यायला प्राचार्यांची एक सही पुरते.

वर्गातली चूक लहान वाटते, पण टोचते. 26 जानेवारीला शाल-श्रीफळ द्यायचं आणि एरवी "सर, तुम्ही कुणाला गोळी घातलीत का?" या प्रश्नावर वर्गाबरोबर आपणही हसायचं. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकावं.

आता अग्निवीर, म्हणजे 4 वर्षांसाठी फौजेत भरती झालेले. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे त्यांची 4 वर्षं 2027 च्या सुरुवातीला भरतात. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यातले काही आपल्याच खिडकीवर असतील. कायम न झालेल्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्याकडे जिल्हा सैनिक कार्यालयाचं ओळखपत्र मागत बसू नका, ते नसणारच. कौशल्य प्रमाणपत्र मात्र असेल. त्यावर क्रेडिट (पदवीच्या हिशेबात धरले जाणारे गुणांक) मिळू शकतं का, हे विद्यापीठाकडून आत्ताच लेखी मागवा; रांग लागल्यावर फोन करून उपयोग नाही.