सुरतेला सेवेसाठी निघताय? अर्धं काम गावातच करून निघा

खान्देशात असं घर विरळाच, ज्याचं कुणी ना कुणी सुरतेत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा ही नावं आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ आहेत. पाऊस दगा देतो, कापसाला भाव मिळत नाही, वाटण्या होऊन शेत दीड बिघ्यावर येतं, मग माणूस बायकापोरं घेऊन तापी लाइनच्या, म्हणजे जळगाव-सुरत रेल्वेमार्गाच्या गाडीत बसतो. या वस्त्यांमध्ये सुट्टीत जाऊन काही काम करावं असं वाटणारी मुलंमुली अमळनेर, धरणगावकडून माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, जुने कपडे गोळा करू का?"

कपडे नकोत. सुरत कापडाचंच गाव आहे. तिथल्या आपल्या माणसाला कमी पडतो तो कागद, आणि तो बहुतेक वेळा इकडे गावात अडकून पडलेला असतो. मी तहसीलच्या पुरवठा शाखेत कारकून होते, निवृत्त झाल्यापासून हेच काम करते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की सुरतेचं तिकीट काढण्याआधी गावातलं काम उरकून घ्या.

सुरुवात स्वतःच्या गावापासून करा. सुरतेला गेलेल्या घरांची यादी घरोघरी फिरून करा. म्हातारे आईवडील ओट्यावर बसलेले असतात, त्यांना मुलाचा फोन नंबर, सुरतेतला पत्ता आणि घरात कोणकोणते कागद आहेत हे विचारा. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड असतं, त्यावरचा बारा अंकी नंबर उतरवून घ्या. कार्ड पिवळं आहे, केशरी आहे की पांढरं, आणि केशरी असेल तर ते प्राधान्य कुटुंबाच्या यादीत आहे का, हे रेशन दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. सगळ्या केशरी कार्डांवर धान्य मिळत नाही, इथे पुष्कळ जण फसतात. ई-केवायसी कुणाची झाली, कुणाची राहिली, तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या.

इतकी चौकशी कशासाठी, तर 'वन नेशन वन रेशन कार्ड' योजना 2022 पासून देशातल्या सगळ्या राज्यांत लागू आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असेल तर अमळनेर तालुक्यातल्या कार्डावर लिंबायतच्या दुकानात धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. शिवाय कुटुंबाचा वाटा दोन ठिकाणी उचलता येतो. म्हणजे आईवडिलांनी त्यांच्यापुरतं गावात घ्यायचं आणि मुलासुनेने त्यांच्यापुरतं सुरतेत. हे घराघरांत माहीत नसतं. सून बिचकत असते, की आपण इकडे सुरतेत अंगठा लावला तर सासूचं धान्य बंद होईल. ही भीती घालवायची तर सासूशी गावात आणि सुनेशी सुरतेत, दोघींशी बोललेला एकच माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा.

दुसरा मोठा अडकलेला कागद म्हणजे जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात गावी येते, बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की सुरतेला परत जाते, आणि दाखला माहेरच्या ग्रामपंचायतीत नाहीतर तालुक्याच्या दवाखान्याच्या नोंदीत राहून जातो. जन्म 21 दिवसांत नोंदवला तर काही त्रास नाही. वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. म्हणून यादी करताना नातवंडाचा जन्म कुठे झाला हे आजीला नक्की विचारा. आजीला तारीख सांगता येत नसली तरी दवाखाना आणि तिथी आठवते.

शाळेचंही असंच. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत हे इकडच्या पालकांना ठाऊक नसतं, ते मुलाला गावीच आजीजवळ ठेवतात किंवा शाळेविना घरी बसवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा. मात्र दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही, ते कलम 14. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवा. भांडलात तर तुम्ही गाडीत बसून परत याल आणि मूल त्याच शाळेत राहील, हे लक्षात असू द्या.

आता प्रवास. जळगावहून उधना साधारण तीनशे किलोमीटर. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी नवापूरला येते. ते स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. डिंडोली, पांडेसऱ्याकडे जायचं असेल तर सुरतपर्यंत न जाता उधन्यालाच उतरा. धुळेकरांना साक्री, नवापूरवरून एसटी सोयीची. मुक्काम नातेवाइकाकडे करा किंवा ज्या संस्थेबरोबर काम करायचं तिच्या सोयीने. ज्या घरासाठी काम करताय त्या घरात राहू नका, एका खोलीत आधीच सहा जणं असतात.

संस्थेशी आधी बोलल्याशिवाय जाऊ नका. स्थलांतरित मजुरांसाठी आजीविका ब्यूरोसारखी संस्था सुरतेत काम करते, वस्तीतल्या अंगणवाड्या आणि महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, खान्देशी मंडळं आहेत. फोन करून सांगा, मला अहिराणी येते, रेशनचे आणि शाळेचे कागद समजतात, इतके दिवस आहे. अहिराणी येते हे आवर्जून सांगाच. "कोणता गावना शेतस?" (कोणत्या गावचे आहात?) एवढं विचारलं की बंद दार उघडतं. मुलांमध्ये काम करणार असाल तर संस्थेचे नियम पाळा, मुलांचे फोटो काढू नका, आणि एखादं मूल संकटात दिसलं तर स्वतः धावाधाव न करता 1098 ला फोन लावा.

दिवस निवडताना पंचांग बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि दिवाळीला वस्ती रिकामी होते, सगळे गावी येतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरोघर बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांची गडबड असते, तेव्हा कुणाला कागद मागू नका, दर्शनाला जा. जोरदार पावसात लिंबायतकडे मिठी खाडीचं पाणी वस्तीत शिरतं, तेव्हा तुमच्या यादीपेक्षा तिथल्या लोकांची निकड मोठी असते.

वस्तीत वेळेचं भान फार लागतं. संचा खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बहुतेक ठिकाणी पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा त्याच एका खोलीत झोपलेला असतो, म्हणून आत शिरू नका, दारातच बसा. डिंडोलीतलं एक घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. नवरा आत पंख्याखाली झोपलेला, बाई उंबऱ्याशी साडी पसरून गोंदाने टिकल्या चिकटवतेय. साडीमागे पैसे मिळतात, त्यामुळे तिचा हात थांबवणं म्हणजे तिची मजुरी थांबवणं. मी तिच्या शेजारी बसून बोलत राहिले, तिने मान वर न करता सगळी माहिती दिली. रेशन दुकानात मात्र तिचा अंगठा मशिनवर उमटेना. गोंद आणि टिकल्यांनी बोटाच्या रेघा झिजलेल्या. हे या वस्त्यांत नेहमीचं आहे. अशा वेळी हात साबणाने धुवून, कोरडे करून दुसरी बोटं लावून बघा, आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. तिची डाव्या हाताची अनामिका चालली. एकही बोट चाललं नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा, आणि तिला आधार केंद्रात ठसे नव्याने द्यायला लावा.

वहीत कुणाचा आधार नंबर पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. ओटीपी कधीच मागू नका. मूळ कागद ताब्यात घेऊ नका, झेरॉक्स काढून मूळ कागद तिथल्या तिथे परत द्या. चहा जरूर घ्या, जेवणाचा आग्रह झाला तर पगार जवळ आलाय की लांब आहे हे बघून ठरवा.

टीबीच्या रोग्याची चौकशी स्वतंत्र, आणि हळू आवाजात. औषध साधारण सहा महिने घ्यावं लागतं आणि आखाजीला गावी गेलं की नेमकं तेव्हाच तुटतं. त्याचा नि-क्षय नंबर, म्हणजे टीबीच्या उपचाराचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो. गावी जाण्याआधी सुरतेच्या आरोग्य केंद्रात सांगितलं तर उपचार गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वर्ग होतात. ते केंद्र कोणतं, हे तुम्ही गावातूनच विचारून गेलेले असा. पोषण आहाराचे महिना 1000 रुपये बँक खात्यात येतात, खातं चालू आहे ना तेवढं बघा.

परत येताना वहीत दोन याद्या असतील, सुरतेत राहिलेली कामं आणि गावात करायची कामं. गावातली पहिल्या आठवड्यात उरका, नाहीतर ती तुमच्या कॉलेजच्या आणि शेताच्या धबडग्यात मागे पडतात. जन्मदाखला हाती आला की त्याचा फोटो सुनेला पाठवा आणि मूळ कागद आजीच्या पेटीत न ठेवता, सुरतेला निघालेल्या भावकीतल्या खात्रीच्या माणसाबरोबर द्या. पुढच्या महिन्यात धान्य वाटप सुरू झालं की दोन फोन करा, सुनेला एक आणि सासूला एक. दोघींनाही धान्य मिळालं तरच वहीतल्या त्या नावापुढे खूण करा.