लूप दिसला म्हणून हुरळून जाऊ नका

एम.एस्सी. संपत आली की बरेच जण विचारतात, पुण्यात मल्टिफेरोइक फिल्मवर, म्हणजे अतिपातळ थरांवर, पीएच.डी. करायची तर कोणती परीक्षा द्यावी, नेट, गेट की जेस्ट? जमतील त्या सगळ्या द्या. मला सांगायचंय ते आत शिरल्यानंतरचं.

एकाच पदार्थात चुंबकत्वही हवं आणि फेरोइलेक्ट्रिक ध्रुवीकरणही (विद्युतक्षेत्राने उलटवता येणारी धन-ऋण भारांची कायमची फारकत), असा हा विषय. बेरियम टायटनेटसारख्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये टायटॅनियमचं डी-कवच (इलेक्ट्रॉनांचा एक थर) रिकामं असावं लागतं, तर चुंबकत्वाला ते अर्धवट भरलेलं लागतं. हा तिढा निकोला स्पाल्डिन यांनी 2000मध्ये नेमका मांडला. बिस्मथ फेराइट त्यातून वाट काढतं: ध्रुवीकरण बिस्मथमुळे, चुंबकत्व लोहामुळे, आणि खोलीच्या तापमानाला दोन्ही शाबूत. मात्र शेजारशेजारच्या लोह अणूंची चुंबकत्वं उलटसुलट दिशांना असतात, त्यामुळे बाहेर दिसणारं चुंबकत्व अगदी नाममात्र. ही गोष्ट मनावर कोरून ठेवा.

आमच्याकडे फिल्म पल्स्ड लेसरने करतात. 248 नॅनोमीटरचा लेसर टार्गेटवर, म्हणजे त्या पदार्थाच्या वडीवर पडतो, जांभळट प्लूम (वाफेचा झोत) उठतो आणि समोरच्या तापलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या तुकड्यावर, म्हणजे सब्सट्रेटवर, थर बसत जातो. बिस्मथ उडून जातं, म्हणून टार्गेटमध्ये ते साधारण 10 टक्के जास्त घालतात. ऑक्सिजनचा दाब चुकला की फिल्म गळकी होते, तिच्यातून वीज झिरपते. माझं पहिलं वर्ष या गळतीपायीच गेलं, आणि ते वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही. पी-ई लूप, म्हणजे विद्युतक्षेत्र बदलताना ध्रुवीकरणाचा मिळणारा बंद आलेख, ही फेरोइलेक्ट्रिकची खूण मानतात; पण गळक्या फिल्मचाही तो निघतो, गोलसर टोकांचा. जेम्स स्कॉट यांनी 2008मध्ये चक्क केळ्याच्या सालीचा तसा लूप काढून दाखवला होता! म्हणून टोकं टोकदार आहेत का ते बघा, आणि पल्स देऊन गळतीचा वाटा वजा करा.

दुसऱ्या वर्षी माझ्या एका फिल्मने सुरेख चुंबकीय लूप दिला. स्क्वीडचा (अगदी क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा) स्लॉट पुण्यातच, पाषाणला, पण दुसऱ्या संस्थेत मिळाला होता; रात्री परतताना आईला फोनही करून झाला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘‘आता कोरा सब्सट्रेट मोज.’’ मोजला. तोच लूप! कडेला भिंगाखाली बारीकशी करडी रेघ होती. मी तुकडे स्टीलच्या चिमट्याने उचलत होते, त्याचे कण घासून कडेला लागले होते. फिल्म 50 नॅनोमीटरची, खालचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे दहा हजार पट जाड. फिल्मचा सिग्नल इतका क्षीण, की चिमट्याचं लोखंडच त्याच्यावर मात करतं.

मोठ्या गटांनाही असे प्रश्न विचारले जातात. बिस्मथ फेराइट फिल्मला प्रकाशात आणणाऱ्या 2003च्या शोधनिबंधातल्या चुंबकत्वाच्या आकड्यावर 2005मध्ये जाहीर आक्षेप घेतला गेला. आक्षेप आणि उत्तर दोन्ही वाचा. पाठ्यपुस्तकापेक्षा मी त्यातून जास्त शिकले.

आता नमुन्याला फक्त प्लास्टिकचा चिमटा लावते. आणि डबीत फिल्मच्या शेजारी एक कोरा तुकडा नेहमी असतो, त्याच हीटरवर तापवलेला, त्याच चिमट्याने उचललेला. आधी तो मोजायचा.