बंद शाळेच्या इमारतीची फाइल अखेर कशी मिळाली

आमच्या प्रभागातील महापालिकेच्या शाळेची बंद पडलेली इमारत एका सामाजिक संस्थेला विकण्याचे घाटत असल्याचे कळल्यावर मी माहिती अधिकारात ‘व्यवहाराची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज केला आणि तो वाणिज्यिक गोपनीयतेच्या कारणावरून फेटाळला गेला. अर्ज मोघम होता, हे मान्य करायला हवे.

३० दिवसांच्या मुदतीत मी प्रथम अपील दाखल केले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार अशी मिळकत विकताना महापालिकेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असून चालत नाही. तेव्हा मूल्यांकन अहवाल आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हे कोणाचे व्यापारी गुपित कसे ठरेल, एवढाच मुद्दा मी मांडला. सोबत दहा रुपयांचा नवा अर्जही केला: विषय एकच, शब्द १५० च्या आत (राज्याच्या नियमांतली ही अट अनेकांना ठाऊकच नसते), हव्या त्या कागदांची नावे स्पष्ट आणि आधी अभिलेख पाहण्याची मागणी.

अपिलाची सुनावणी होण्यापूर्वीच फाइल टेबलावर आली. दोन रुपये पानाप्रमाणे मी केवळ अहवाल, ठराव आणि कराराचा मसुदा घेतला.