पहिली नायट्रो गाडी घेताना खिसा सांभाळा

नायट्रो गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, खरं छोटं इंजिन असलेली हौशी गाडी. पंधरा हजार हातात असतील तर पंधराची गाडी घेऊ नका. मी तेच केलं आणि गाडी महिनाभर कपाटावर बसली, कारण ग्लो इग्नायटर (इंजिन सुरू करताना ग्लो प्लग तापवणारं साधन), इंधनाची बाटली, रिसीव्हरचे (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाचे) सेल, सुटे ग्लो प्लग (इंजिनात इंधन पेटवणारे) यांना पैसेच उरले नव्हते. तीन-चार हजार आधीच बाजूला काढा.

त्याहीआधी इंधनाचं बघा. यात पंपावरचं पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचं मिश्रण लागतं. पेट घेणारा माल, त्यामुळे कुरियरवाले सहसा नको म्हणतात. जवळपास मिळत नसेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या.

मिळत असेल तर १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची), १५ किंवा १८ नंबरच्या (०.१५ किंवा ०.१८ घन इंच) इंजिनाची बरी. १/८ दिसते दणदणीत, पण पितेही तशीच.

जुनी घेताना एक गोष्ट चुकवू नका. इंजिन थंड असताना, ग्लो प्लग न काढता, फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक) बोटांनी फिरवा. पिस्टन वर पोचताना घट्ट अडला पाहिजे, बोटांना जोर लागला पाहिजे. गरगर सहज फिरलं, तर पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजलेत. मग फ्लायव्हील वरखाली हलवून बघा. खटखट लागली तर बेअरिंग गेलंय. 'फक्त ट्यूनिंग बाकी आहे' असं विकणारा म्हणाला, की मी चहा संपवून उठतो.

नवी घेतलीत, तर पहिल्या चार-पाच टाक्या मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून हळूच चालवा. धूर भरपूर येईल, शेजारी बोलतील.